पाव फेरा

सुगंधा गावडे पेट्रोल पंपावर चालत आली तेव्हाच रांगेतल्या टॅक्सीवाल्यांनी ओळखलं, की आज कुणाचं तरी काही खरं नाही. ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, उजव्या गालावर ग्रीसचा पट्टा, आणि हातात कागदाची पुडी. पंपाच्या कोपऱ्यात पत्र्याच्या छपराखाली एक मशीन होतं, आणि मशीनमागे पांढऱ्या शर्टातला एक तरुण वहीत काहीतरी लिहीत बसला होता. ती थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"धूर तपासणारे तुम्हीच का?"

"हो. गाडी कुठाय?"

"गाडी सकाळी येऊन गेली. छप्पन्न सालची डुक्कर फियाट. तुम्ही नापास केलीत."

त्यानं वहीची दोन पानं मागे उलटली. अक्षर इतकं सुरेख होतं की तिला उगाचच आणखी राग आला. असल्या कामाला कशाला हवं सुरेख अक्षर?

"सहा पॉइंट दोन टक्के," तो म्हणाला. "तीनच्या आत पाहिजे. कार्बन मोनॉक्साइड दुपटीपेक्षा जास्त आहे."

"माझ्या गाडीचं सहा पॉइंट दोन?"

"गाडी जानकीबाई देसाई यांच्या नावावर आहे."

"गाडी त्यांची. कार्ब्युरेटर माझा."

आता मात्र त्यानं मान वर केली. तिच्याकडे बघितलं, गालावरच्या ग्रीसकडे बघितलं, आणि हसू आलं ते दाबायला खाली वहीत बघितलं. तिला ते दिसलंच.

"हसण्यासारखं काय आहे?"

"काही नाही. मला वाटलं, ते म्हातारे मिस्त्री घेऊन आले होते, म्हणजे ट्यूनिंग त्यांनीच..."

"सगळ्यांना तेच वाटतं," सुगंधा म्हणाली. "तुमचं मशीन बिघडलंय."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. भांडायची तयारी करून आलेल्या माणसाला समोरून भांडण मिळालं नाही की त्याची फार पंचाईत होते. पण हा उठला, रांगेतल्या पहिल्या टॅक्सीच्या सायलेन्सरमध्ये मशीनची नळी घातली आणि तिला काटा दाखवला. चार. मग पंपाच्या मालकाच्या नव्या गाडीत घातली. दीड. मग नळी नुसतीच हवेत धरली. काटा शून्यावर जाऊन शहाण्यासारखा बसला.

"अजून कशात घालू?" त्यानं विचारलं. "तुम्ही सांगा."

मागे दोघेतिघे टॅक्सीवाले हसले. सुगंधानं पुडी उघडून टेबलावर ठेवली. आत चार स्पार्क प्लग होते, काजळी धरून काळेकुट्ट झालेले.

"हे परवा मी स्वतः साफ करून बसवले होते," ती म्हणाली. तिचा आवाज थोडा खाली आला. "एवढे काळे होतीलच कसे?"

त्यानं एक प्लग उचलून उजेडात धरला. फार वेळ बघत राहिला. "हे मात्र विचार करण्यासारखं आहे," तो म्हणाला, आणि ते तो मनापासून म्हणाला. त्या एका वाक्यामुळे सुगंधाचा निम्मा राग उतरला. उरलेला निम्मा तिनं कसाबसा सांभाळून घरी नेला.

तिचं चिडणं काही उगाच नव्हतं. मरोळच्या सरकारी औद्योगिक वसाहतीमागच्या गल्लीत सहदेव मिस्त्रीचं गॅरेज पंचवीस वर्षं होतं, आणि फियाटच्या कार्ब्युरेटरला सहदेवसारखा कान अंधेरीपासून मुलुंडपर्यंत नाही, असं लोक म्हणत. पण दोन वर्षांपूर्वी सहदेवचा उजवा हात थरथरायला लागला. चहाचा कप बशीवर वाजायला लागला, आणि कार्ब्युरेटरचे बारीक जेट त्याच्या बोटांतून निसटून वाळूत हरवायला लागले. तेव्हापासून ते काम सुगंधा करत होती. लहानपणापासून ती बापाच्या स्टुलाशेजारी बसून इंजिनं ऐकत आली होती. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना कुठल्या सिलिंडरचं पोट दुखतंय ते तिला डोळे मिटून कळायचं. आणि गिऱ्हाईक आलं की मात्र तिनं पडद्यामागे जाऊन चहा टाकायचा, आणि सहदेवनं फडक्याला हात पुसत बाहेर यायचं. पोरीनं इंजिनाला हात लावला म्हटलं तर गाड्या येणार नाहीत, असं बापाचं म्हणणं. दोन वर्षं तिच्या हातची वाहवा दुसऱ्याच्या नावावर जमा होत होती, आणि तिनं ब्र काढला नव्हता. आता पहिल्यांदा गाडी नापास झाली, तर ती मात्र तिच्या हाताची चूक ठरली.

"तुझो हात अजून बसाक नाय," सहदेव म्हणाला होता.

एकोणनव्वदच्या जुलैपासून नवा कायदा आला होता. वर्षअखेरपर्यंत जानकीबाईंना धुराचा दाखला हवा होता. जानकीबाई म्हणजे अंधेरीच्या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. पासष्टाव्या वर्षीही त्या आपली फुगीर नाकाची डुक्कर फियाट स्वतः चालवत रोज संध्याकाळी जुहूला फिरायला जायच्या, आणि रस्त्यात कुणी हॉर्न वाजवला तर काच खाली करून त्याला शुद्धलेखनासारखं सुधारायच्या. सहदेव मिस्त्रीची ही सर्वांत जुनी गाडी, आणि सर्वांत लाडकी.

सोमवारी तो मशीनवाला गॅरेजच्या दारात येऊन उभा राहिला. आज पांढरा शर्ट नव्हता. निळा चौकड्यांचा होता, आणि इस्त्री जरा जास्तच कडक होती.

"माझी सुट्टी असते आज," तो म्हणाला. "ते प्लग... डोक्यातून जात नव्हते."

"फक्त प्लग?" सुगंधा बॉनेटखालून म्हणाली, आणि म्हटल्यावर जीभ चावली. सहदेव पाच हातांवर बसला होता.

नाव चंद्रप्रकाश राणे. राहायला मुलुंडला. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केलेला. सहदेवनं त्याचं गाव विचारलं, आपल्याच बाजूचं, देवगडकडचं निघालं, मग लगेच स्टूल आणि चहा. सुगंधानं चहा दिला तो बशीत सांडेल इतक्या जोरात.

"अजून रागावलाय?" तो हळूच म्हणाला.

"मी रागावत नाही. माझा चेहराच असा आहे."

"मग चेहऱ्याबद्दल तक्रार नाही माझी," तो म्हणाला आणि घाईघाईनं इंजिनावर वाकला. त्याचे कान लाल झालेले तिला मागून दिसले. तिनं पाना शोधायचं निमित्त करून तोंड फिरवलं.

दोघांनी मिळून ती फियाट दुपारपर्यंत उलगडली. एअर फिल्टर काढून रॉकेलनं धुतला. तो आधीच स्वच्छ होता. चोकची वायर तपासली, कारण चोक अर्धवट अडकला तर पेट्रोल जास्त जातं. तो पूर्ण मागे जात होता. कार्ब्युरेटरमधल्या पोकळ फ्लोटमध्ये पेट्रोल शिरलंय का ते कानाशी हलवून बघितलं, पेट्रोल अडवणाऱ्या सुईचं टोक नखावर फिरवून बघितलं. चंद्रप्रकाश एकेक गोष्ट विचारायचा, आणि ती उत्तर द्यायच्या आत दाखवायची. असं कुणाबरोबर काम करायला मिळेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. बापाच्या हाताखाली काम करणं वेगळं, आणि बरोबरीनं, एकमेकांचं डोकं ओळखत करणं वेगळं. मध्येच एकदा दोघांचे हात एकाच नटावर पडले, आणि दोघांनीही आपापला हात जरा उशिरानं काढला.

शेवटी इंजिन चालू करून तिनं मिक्श्चरचा स्क्रू आधी किती सैल होता ते न मोजताच पूर्ण आवळला आणि मग डोळे मिटून हळूहळू सोडत गेली. या बारीकशा स्क्रूवर सगळा खेळ. तो जितका सोडावा तितकं हवेत पेट्रोल जास्त मिसळतं. दीड फेऱ्यावर ती थांबली. इंजिन एकसारखं, मऊ गुणगुणायला लागलं.

"दोनच्या जवळपास असेल," चंद्रप्रकाश म्हणाला. "मशीनशिवाय... कमाल आहे तुमची."

सुगंधाला आजवर असं कुणी म्हटलं नव्हतं. म्हणून तिनं त्याच्यावरच डाफरून घेतलं, "मग लिहा की दाखला."

"नळी घातल्याशिवाय नाही लिहिणार," तो हसत म्हणाला.

सहदेव स्टुलावरून कौतुकानं ऐकत होता. "आमचो कुर्ल्याचो उस्ताद होतो," तो म्हणाला, "तो सांगायचो, गाडी बाहेर काढूच्या आधी उस्तादान आपल्या हातान ह्या स्क्रूक पाव फेरो द्यायचो. तेच्याशिवाय गाडी गिऱ्हाईकाक द्यायची नाय. गाडी कधी सिग्नलार बंद पडाची नाय, पाव फेऱ्यान."

"जुनी पद्धत," सुगंधा म्हणाली. बापानं ते सगळं हात थरथरायला लागल्यावर सोडलं, असंच तिला वाटत होतं.

मंगळवारी गाडी पुन्हा पंपावर गेली. नेहमीसारखा सहदेवच घेऊन गेला. पोरीनं टॅक्सीवाल्यांच्या रांगेत उभं राहायचं नाही, हा त्याचा आणखी एक कायदा. तासाभरानं तो परत आला तेव्हा त्यानं इंजिन बंद केलं आणि सीटवर तसाच बसून राहिला.

"पाच पॉइंट आठ," तो म्हणाला.

सुगंधाच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"बाबा, कसं शक्य आहे? तूच ऐकलंस ना काल."

"माका ऐकाक येता ता मशीनाक येणा नाय." सहदेव खाली उतरला. त्याचा हात आज जास्तच थरथरत होता. "जानकीबाय माका काय म्हणतली? पंचवीस वर्सांचा नाव असा माझा. आयक सुगंधा. अजून एकदा नापास झाली, तर मी दशरथाक गावसून बोलावतंय. गॅरेज तो बघात. आणि तुझा त्या कुर्ल्याच्या स्थळाचा बघून टाकूया. पुरे झाला ह्या."

दशरथ तिचा चुलतभाऊ. ट्रॅक्टर सोडून आयुष्यात कशाला हात लावला नव्हता, पण पुरुष होता.  सुगंधा बोलली असती तर सगळं मरोळ गोळा झालं असतं. तिनं बॉनेट उघडलं आणि प्लग काढले. काळे. काल साफ केल्यावर छान विटकरी दिसत होते ते एका तासात काळवंडले होते. मग तिनं स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि मिक्श्चरचा स्क्रू आवळायला सुरुवात केली, फेरे मोजत. एक. दीड. इथं तो थांबायला हवा होता. दोन. सव्वादोन... अडीचला तो बसला.

 गॅरेजमधून निघताना दीड, परत येताना अडीच. स्क्रू काही आपोआप फिरत नाही. कुणीतरी मुद्दाम फिरवला होता, आणि गॅरेज सोडल्यावर गाडी फक्त एकाच ठिकाणी थांबली होती.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते सुगंधाला त्या दिवशी कळलं. पंपाच्या वाटेवर मरोळ गावठाणात लोक घरांवर नाताळचे कागदी तारे टांगत होते. एरवी ती थांबून बघत राहिली असती. आज तिला समोरून येणारी बस पण दिसली नाही. ती 'कमाल आहे तुमची' म्हणणारी जीभ, ते लाल झालेले कान, ती कडक इस्त्री, सगळं तिच्या डोळ्यांपुढून जात होतं, आणि प्रत्येक गोष्टीगणिक ती जास्त पेटत होती. फसवलं त्यानं. आणि आपण फसलो, दुपारभर हसलो, हात उशिरानं काढला.

पंपावर रांग रस्त्यापर्यंत आली होती. तिनं आवाज जराही खाली ठेवला नाही.

"स्क्रू तुम्ही फिरवता," ती म्हणाली. "चोर आहात तुम्ही."

चंद्रप्रकाशच्या हातातलं पेन थांबलं. "काय?"

"दीड फेऱ्यावर मी सोडला होता. गाडी परत आली तेव्हा अडीच. गाड्या नापास करायच्या, लोकांना परत परत बोलवायचं, चिरीमिरी मिळेपर्यंत. म्हणून आला होतात ना सोमवारी गॅरेजमध्ये? किती पाणी आहे ते बघायला?"

रांगेतले ड्रायव्हर खाली उतरून जमा झाले. कुणीतरी म्हणालं, "सही बोलतेय, माझी पण दोनदा नापास काढली यानं." चंद्रप्रकाशचा चेहरा पांढरा पडला. तो उठून उभा राहिला आणि बोलायला तोंड उघडलं... आणि त्याची नजर तिच्या खांद्यावरून मागे गेली. तिच्या पाठोपाठ धापा टाकत आलेला सहदेव तिथे उभा होता, थरथरणारा हात दुसऱ्या हातात धरून.

चंद्रप्रकाशनं तोंड मिटलं.

"बोला ना," सुगंधा म्हणाली. तिला वाटत होतं त्यानं भांडावं, ओरडावं, खोटं तरी बोलावं. "नाही म्हणा."

"मी फिरवला नाही," तो म्हणाला. इतकंच.

"मग कुणी?"

तो गप्प राहिला. त्या गप्प राहण्याचा अर्थ तिनं आपल्याला हवा तसा लावला. त्यानं वही बंद केली आणि हळू आवाजात म्हणाला, "उद्या सकाळी गाडी परत आणा. स्क्रू इथे, सगळ्यांच्या समोर, तुम्ही लावा. मी गाडीपासून दहा पावलं लांब उभा राहीन. पण तुम्हीच लावा. दुसरं कुणी नाही."

"लावीनच," ती म्हणाली. "आणि मग बघते तुम्हाला."

त्या रात्री ती जेवली नाही. रागानं नाही, असं तिनं आईला सांगितलं. खरं तर रागानंच. पण रागाच्या तळाशी काहीतरी दुखत होतं, आणि ते जास्त वाईट होतं. त्यानं निदान एकदा नाही म्हणून भांडायला हवं होतं.

बुधवारी सकाळी जानकीबाई स्वतःच गाडी घेऊन आल्या, मागच्या सीटवर मिस्त्री आणि मिस्त्रीची मुलगी. "मला माझ्या गाडीचं काय झालंय ते प्रत्यक्ष बघायचंय," त्या म्हणाल्या. रांगेतल्या टॅक्स्यांनी त्यांना वाट करून दिली. मुख्याध्यापिकेला वाट न देण्याची कुणाची छाती होती?

चंद्रप्रकाशनं सायलेन्सरमध्ये नळी घातली आणि कबूल केल्याप्रमाणे मशीनपाशी जाऊन उभा राहिला, दोन्ही हात पाठीमागे बांधून. सुगंधानं बॉनेट उघडलं. चाळीसएक माणसं बघत होती. पहिल्यांदाच लोकांसमोर ती स्क्रूला हात लावत होती, आणि तिचे हात बापासारखे थरथरतील की काय अशी तिला भीती वाटली. तिनं डोळे मिटले. स्क्रू पूर्ण आवळला. सोडत गेली. अर्धा... एक... सव्वा... दीड.

"दोन पॉइंट एक," चंद्रप्रकाशनं लांबून वाचलं.

टॅक्सीवाल्यांत कुजबूज झाली. जानकीबाईंनी चष्मा सावरला. सुगंधानं डोळे उघडले, स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवला आणि विजयानं मशीनकडे वळली, त्या माणसाला आता काय काय सुनवायचं ते मनात जुळवत.

तेवढ्यात तिला आवाज बदललेला ऐकू आला. गुणगुण जाड झाली. इंजिनानं जणू एक घास जास्त घेतला. ती गर्रकन वळली. बॉनेटखाली सहदेव वाकला होता, खिशातला स्वतःचा जुना लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन. तीस वर्षांच्या सवयीनं, कुणालाही न विचारता, तो उस्तादाचा पाव फेरा देत होता. लाडक्या गाडीला, जानकीबाईंसमोर, मशीनवाल्या साहेबासमोर तिनं मान टाकू नये म्हणून. पण थरथरत्या हाताला पाव फेरा आता कळत नव्हता. पाव म्हणता म्हणता तो अर्धा झाला, अर्ध्याचा एक झाला.

तीन. चंद्रप्रकाश वाचत नव्हता, पण सुगंधाला काटा दिसत होता. चार. पाच. पाच पॉइंट नऊ.

 सहदेव समाधानानं सरळ झाला, हात पुसले आणि सगळ्यांचे चेहरे बघून थबकला.

"काय झाला?"

सुगंधाच्या तोंडाशी सगळं आलं होतं. तू. तूच. माझ्या हाताला नावं ठेवलीस, मला कुर्ल्याला पाठवायला निघालास, दशरथला बोलवायला निघालास, आणि तूच. तिनं श्वास घेतला. पण बाप इतका निर्मळपणे बघत होता, की शब्द बाहेर पडेनात. मग तिला एकदम कळलं की काल चंद्रप्रकाशलाही नेमकं हेच झालं होतं.

"काका," चंद्रप्रकाश म्हणाला, "जरा इकडे येता?"

सहदेव मशीनपाशी गेला. काटा बघितला. मग गाडीकडे, मग स्वतःच्या हातातल्या स्क्रू ड्रायव्हरकडे. कारागीर होता तो. त्याला समजवावं लागलं नाही. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग अगदी रिकामा.

"ह्येच्या आधी पण?" त्यानं विचारलं.

"काल बघितलं मी. हवेच्या पंपामागे तुम्ही बॉनेट उघडलं होतं."

"आणि काल ही इतकी बोलली तुमका. सगळ्यांसमोर. तरी सांगूक नाय?"

"तुम्ही उभे होतात ना मागे," चंद्रप्रकाश म्हणाला.

 सहदेव चालत सुगंधापाशी आला, तिच्या हातात तो लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर दिला आणि जानकीबाईंकडे वळला. "बाय," तो म्हणाला, मोठ्यानं, रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असा, "दोन वर्सां तुमच्या गाडयेचा काम माझा चेडू, ही सुगंधा, करता. मी नाय करणा. तुमका खोटा सांगितलंय."

"मला ठाऊक आहे, मिस्त्री," जानकीबाई म्हणाल्या. "दोन वर्षांत गाडी एकदाही माझ्यावर रुसली नाही. तुमच्या वेळी महिन्यातून एकदा रुसायची."

सुगंधानं स्क्रू दीडवर आणला. दाखला मिळाला. संध्याकाळी सहदेवनं गावी दशरथला पत्र धाडलं, गॅरेज आता सुगंधाच बघणार म्हणून, आणि हात थरथरतो म्हणून ते सुगंधाकडूनच लिहून घेतलं. कुर्ल्याच्या स्थळाचा विषय परत निघाला नाही.

आता सगळं ठीक झालं असं कुणालाही वाटलं असतं. सुगंधाला मात्र आदल्या दिवसापेक्षा जास्त राग आला होता. आधी स्वतःचा. मग त्याचा. हा कोण शहाणा लागून गेला, की चोर म्हणवून घेतलं आणि उभा राहिला? एका वाक्यात सुटला असता. आपल्याला इतकं वाईट ठरवून, इतकं चांगलं वागायची काय गरज होती त्याला? रात्रभर ती त्याच्याशी मनातल्या मनात भांडत होती, आणि पहाटेकडे तिच्या लक्षात आलं, की या भांडणातला एकही मुद्दा ती जिंकत नाहीये, आणि तिला जिंकायचंही नाहीये.

चोर म्हटलं होतं भर रांगेसमोर. घरात बसून मनातल्या मनात माफी मागून काय उपयोग होता?

गुरुवारी सकाळी नऊला, रांग अगदी भरात असताना, ती पंपावर गेली आणि रांगेच्या शेवटी उभी राहिली. पुढे एक काळीपिवळी टॅक्सी, मागे एक अँबॅसॅडर, मध्ये सुगंधा. अँबॅसॅडरवाल्यानं मान बाहेर काढली. "ओ ताई, गाडी कुठाय?"

"नाहीये."

"मग रांगेत कशाला?"

"तुम्हाला काय करायचंय? नंबरानं जातेय ना?"

तास लागला. टॅक्सी पुढे सरकली की तीही दोन पावलं सरकायची. ऊन डोक्यावर चढलं. मंगळवार-बुधवारचे काही ड्रायव्हर होतेच. त्यांनी तिला ओळखलं आणि दाखला मिळाला तरी कुणी गाडी हलवेना. तिचा नंबर आला तेव्हा चंद्रप्रकाश खाली मान घालून लिहीत होता.

"गाडी नंबर?"

"गाडी नाही," ती म्हणाली. "मीच आलेय."

त्यानं मान वर केली. डोळे जागरणाचे होते. त्याचेही.

"मंगळवारी मी इथे यांना चोर म्हटलं," सुगंधा रांगेकडे तोंड करून म्हणाली. आवाज तसाच, भांडणातला. "तेव्हा जे जे होते त्यांनी ऐका. ते चोर नाहीत. चूक माझी होती. त्यांना माहीत होतं कुणाचं काम आहे, पण माझ्या वडिलांची लाज जाऊ नये म्हणून ते गप्प बसले आणि माझ्या शिव्या खाल्ल्या. झालं. हे सांगायचं होतं."

मग ती त्याच्याकडे वळली, आणि आता आवाज कुठे गेला तिलाच कळेना.

"आणि तुम्ही," ती म्हणाली, "परत कधी माझ्यासमोर असं गप्प बसायचं नाही. मला चालणार नाही. भांडायचं. खरं असेल ते तोंडावर सांगायचं. रोज."

"रोज?" चंद्रप्रकाश म्हणाला.

"रोज."

"म्हणजे मला रोज मरोळला यावं लागेल."

"मुलुंड काही फार लांब नाही."

"आणि पुढेमागे... यायलाच लागू नये अशी काही सोय?" तो अगदी हळू म्हणाला. कान पुन्हा लाल झाले होते. "म्हणजे तुमची हरकत नसेल तर. मी आईला रविवारी पाठवू का, तुमच्या घरी?"

सुगंधाला हो म्हणायचं होतं. ते म्हणायला तिनं तोंड उघडलं, आणि नेमक्या त्याच वेळी मागच्या अँबॅसॅडरवाल्यानं कर्कश हॉर्न वाजवला. मग त्याच्या मागच्यानं. मग सगळ्यांनी.

ती कमरेवर हात ठेवून गर्रकन फिरली.

"काय घाई आहे रे?" ती ओरडली. "इथे माणसाचं लग्न ठरतंय."

हॉर्न थांबले. चंद्रप्रकाशनं पेन खाली ठेवलं आणि त्या दिवशी पहिल्यांदाच रांग तशीच सोडून तो टेबलामागून बाहेर आला.